भंडारदरा परिसर (अकोले तालुका)

भंडारदरा हा अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा घाटमाथा. नावापुरतं ते एक धरण आहे, पण लोक "भंडारदऱ्याला चाललोय" म्हणतात तेव्हा त्यात कळसूबाई, रतनगड, सांधण, घाटघर आणि बराच लांब असलेला हरिश्चंद्रगडसुद्धा धरलेला असतो. यातला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. मुंबईकडून येणारे कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटीमार्गे येतात, पुण्याचे संगमनेर-अकोले-राजूर करत. इथली कुठली जागा कधी बघायची हे ज्याने त्याने पाणी बघून ठरवावं, कारण ऐन मे महिन्यात धबधबा बघायला आलेली आणि तोंड पाडून परत गेलेली मंडळी दरवर्षी असतातच.

धरण प्रवरा नदीवर आहे, दगडी बांधकाम, १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं आणि तेव्हाच्या मुंबई गव्हर्नरच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी (म्हणजे ११ अब्ज घनफूट). पाऊस पडतो इथे डोंगरात आणि त्यावर ऊस उभा राहतो खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये "भंडारदरा किती भरलं" हा तिकडच्या पारावरचा रोजचा विषय, आणि १५ ऑगस्टच्या आत भरलं की सगळे खूश. भिंतीच्या पायथ्याचा छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला फॉल फोटोत फार भारी दिसतो, पण तो धरणातून पाणी सोडलं तरच असतो, नाहीतर नुसता खडक. पुढे प्रवरेवरच रंधा धबधबा आहे, सुमारे ५० मीटरचा, वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यामुळे त्याचा खरा जोर पावसाळ्यातच दिसतो.

कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. नेहमीची वाट बारी गावातून, कड्याच्या जागी लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, त्यामुळे ट्रेकची सवय नसलेला माणूसही दमत-भागत तीनेक तासांत वर पोचतो. माथ्यावर देवीचं छोटं मंदिर, नवरात्रात गर्दी असते. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर, एक दिवस तिला तेच काम लावलं तेव्हा ते उरकून ती सरळ डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

तलावाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं मंदिर घाईत उरकू नये, कोरीवकाम नीट बघायला निदान तासभर पाहिजे. वर रतनगड, प्रवरेचा उगम इथलाच, आणि गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं, त्यात बसलं की वारा अक्षरशः ढकलतो. साम्रद गावाजवळची सांधण म्हणजे बेसॉल्टच्या पठाराला पडलेली खोल भेग, काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पावसाळ्यात हीच पाणी वाहून न्यायची वाट असते, तेव्हा आत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. हिवाळ्यातही मध्ये पाण्याचे डोह लागतात, बूट हातात घ्यायची तयारी ठेवावी.

घाटघरला पाऊस किती याचे आकडे सोडा, नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात एवढं पुरे. इथल्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणाच्या अंगाचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच परत खाली सोडून वीज करतात. कड्यावर उभं राहिलं की कोकण पायाखाली, ढग नसतील तर.

हरिश्चंद्रगडाला पाचनईहून सोपं पडतं, खिरेश्वरकडून तोलारखिंडीची वाट मोठी, आणि नळीची वाट ज्यांना झेपते त्यांनीच धरावी. केदारेश्वराच्या गुहेत मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं गार पाणी, चार खांबांपैकी एकच धड उरलेला. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. खाली धुकं आणि पाठीमागे सूर्य असा योग जुळला तर धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात, पण ते नशिबाचं काम.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडावर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि एका लयीत लुकलुकतात. नर-मादी एकमेकांना ओळखतात ते या उजेडावरच, त्यामुळे गाडीचे हेडलाईट आणि मोबाईलचे टॉर्च मारत फिरणारे लोक नेमकं जे बघायला आलेत तेच बिघडवतात. वनखातं प्रवेश शुल्क घेतं, वेळेचे नियमही लावतं, ते पाळावेत.

राहायला धरणाजवळच्या शेंडी गावात हॉटेलं आहेत, पण गावात घरगुती सोय होते तिथे जेवण जास्त चांगलं, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. भाताचे जुने वाण अजून टिकून आहेत, काळभात त्यातला एक. देशी बियाणं जपणाऱ्या, २०२० सालच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. निघताना किलोभर तांदूळ मागितला तर बहुतेक घरी मिळतो.