घाटात तापणारी मोटर

विजेच्या स्कूटरवरून नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगगडावर पोहोचलेल्या माणसाने मागच्या चाकातल्या हब मोटरजवळ हात नेला, तर ती चांगलीच तापल्याचे लक्षात येते. ही उष्णता म्हणजे बॅटरीतून निघालेली, पण गाडी ओढण्याच्या कामी न आलेली वीज. माहितीपत्रकात मोटरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर छापलेली असते आणि ती खोटी नसते. मात्र ती मोटरला सर्वांत मानवणाऱ्या वेगाची आणि भाराची असते.

नाशिकमध्ये शेतीपंपांच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे एखादी मोटर उघडलेली दिसली, तर वीज कुठे वाया जाते ते तिथेच समजते. तांब्याच्या वेढ्यांत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चढावर दुप्पट टॉर्क (चाक फिरवणारा जोर) लागला की प्रवाह साधारण दुप्पट होतो आणि तांब्यातला व्यय चौपट. त्यात वेग कमी असेल तर चाकाला मिळणारी शक्तीही कमी. चढावर ब्रेक न लावता नुसत्या थ्रॉटलवर गाडी थोपवून धरली, तर वीज खर्च होत असूनही कार्यक्षमता शून्य असते. वेढ्यांखालचा गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकणाऱ्या पत्र्यांचा रचलेला असतो, कारण एकसंध लोखंडात बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे भोवरा प्रवाह, म्हणजे लोखंडातच गोल फिरून त्याला तापवणारे विद्युतप्रवाह, मोकाट फिरले असते. हा लोखंडी व्यय वेगाबरोबर वाढतो, म्हणून तो घाटापेक्षा मुंबई महामार्गावर अधिक जाणवतो.

स्वार धरून १८० किलो वजन १०० मीटर उंच चढवायला जेमतेम ०.०५ युनिट ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन इंधनातली दोन-तृतीयांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते, त्यामुळे घाटातली तापलेली मोटरही त्याच्यापेक्षा काटकसरीच ठरते. (नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होतानाच कोळशातली बरीचशी ऊर्जा आधीच गेलेली असते, हेही प्रामाणिक हिशेबात धरावे लागते.)

उतारावर तीच मोटर जनित्र होते आणि चढताना खर्चलेल्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. हा परतावा कधीच पूर्ण नसतो, कारण तांब्या-लोखंडातला व्यय उतरतानाही होतोच. शिवाय गडावरच बॅटरी काठोकाठ चार्ज करून निघालेल्याची बॅटरी ही वीज घेऊच शकत नाही आणि त्याला साधे ब्रेक तापवतच नांदुरीला उतरावे लागते.