सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ५०,०००? नव्हे हो

बेळगावच्या उद्यमबागेत असो की बेंगळूरात, पोराला नोकरी लागली की घरचे लगेच पॅकेजला बारानं भागतात आणि गल्लीभर पन्नास हजार सांगून मोकळे. अहो, पॅकेज म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, २५,००० आहे, तर त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) १,२०० च्या आसपास, हे बहुतेक ठिकाणी पॅकेजातच धरलेलं असतंय, मग तुमचा स्वतःचा पीएफ अजून ३,०००, वर कर्नाटकचा प्रोफेशनल टॅक्स २००, म्हणजे हातात साडेबेचाळीस हजार. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, पॅकेजात असला तर अजून कमी, आणि तो मिळाला तर मिळाला. पीएफ तुमचाच आहे म्हणा, पण ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत साधारण पाच वर्षं टिकावं लागतंय.