पक्की जागा, बदलते आमदार : बोरिवलीची पार्श्वभूमी

1978 ते 2014 या छत्तीस वर्षांत बोरिवली विधानसभा मतदारसंघात आठ निवडणुका झाल्या आणि आमदार झाले फक्त तीन. नंतर 2014, 2019 आणि 2024 या तीन निवडणुकांत पुन्हा तीन आमदार झाले. या सगळ्या काळात जागा एकाच राजकीय परंपरेकडे राहिली. आधी जनता पक्ष, 1980 पासून भाजप. 2014 पासून दर वेळी नवा चेहरा आला, तरी मताधिक्य घटले नाही, उलट वाढत गेले. पक्षाने इथे पुन्हा पुन्हा बाहेरचा उमेदवार द्यावा का, हा बोरिवलीबद्दलचा खरा वाद या विरोधाभासातूनच निघाला आहे.

उपनगरांचा हा पट्टा सुरुवातीपासून उजव्या विचारांचा होता, हा समज चुकीचा आहे. 1957 आणि 1962 मध्ये उत्तर मुंबईने नेहरूंच्या मंत्रिमंडळातल्या डाव्या कलाच्या मंत्र्याला लोकसभेत पाठवले. 1977 मध्ये पाण्याच्या आणि महागाईच्या आंदोलनांतून पुढे आलेल्या गोरेगावच्या समाजवादी नेत्या इथूनच खासदार झाल्या. 1957 मध्ये महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत सरकली, तेव्हा बोरिवली म्हणजे गावठाणे, वाड्या, मिठागरे आणि एक स्टेशन होते. वस्ती दाट झाली ती पुढच्या तीस-चाळीस वर्षांत. गिरगाव, दादर, परळमधल्या अपुऱ्या खोल्यांतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे, व्यापारी आणि नोकरदार गुजराती-जैन कुटुंबे, जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप-गोराईत आखलेल्या भूखंडांवर घरे बांधणारे लोक, आयसी कॉलनीतले ख्रिस्ती रहिवासी असे सगळे इथे आले. यातल्या बहुतेकांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे घर, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि रेल्वेचा पास होता.

भाजपची इथली मुळे या पासात आहेत, असे माझे मत आहे. पक्षाचे इथले पहिले आमदार प्रवासी संघाच्या कामातून पुढे आले होते. गाड्यांची संख्या, फलाटाची लांबी, फाटकावरचा पूल, पाण्याची जोडणी असे त्यांचे विषय होते, आणि वर्षभराच्या कामाचा छापील अहवाल ते घरोघर पोचवत. 1978, 1980 आणि 1985 अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. 1989 मध्ये ते लोकसभेत गेले आणि तिथे सलग पाच वेळा निवडून आले. 1992 मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली ही पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली, ती याच काळातली. अयोध्येच्या आंदोलनाचा परिणाम इथेही झालाच. पण त्याआधीची दहा वर्षे या माणसाने आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी सोसायट्यांच्या कमिट्या, गणेश मंडळे आणि फलाट सांभाळले होते, हे विसरले तर पुढचे काहीच समजत नाही. त्यांच्यानंतर 1990 पासून तीन वेळा दुसरे आमदार आले आणि 2004 मध्ये तिसरे. हे तिसरे आधी नगरसेवक होते, उद्याने आणि मैदाने उभी करणारे म्हणून वॉर्डावॉर्डात ओळखले जात.

मधल्या काळात लोकसभेच्या निवडणुकीत पक्षाला दोन धक्के बसले. 2004 मध्ये बोरिवलीच्या त्या पहिल्या आमदारांना, म्हणजे आता पेट्रोलियम खाते सांभाळलेल्या खासदाराला, काँग्रेसकडून उभ्या राहिलेल्या चित्रपट अभिनेत्याने 48 हजारांवर मतांनी हरवले. तेव्हा मतदारसंघ पालघर-वसईपर्यंत पसरला होता आणि विरारकडच्या प्रभावी स्थानिक गटाने काँग्रेसला साथ दिल्याची चर्चा सर्वत्र होती. 2008 च्या पुनर्रचनेत तो सगळा भाग वेगळा निघाला आणि उत्तर मुंबई निव्वळ मुंबईची झाली. आता जागा परत येणार असे सगळे धरून चालले होते. तरी 2009 मध्ये तेच उमेदवार 5,779 मतांनी पडले, कारण मनसेने सुमारे दीड लाख मते घेतली. मराठी मत फुटले की पक्की जागाही निसटते, हे पक्षाला कळले ते तेव्हा.

त्याच पुनर्रचनेने विधानसभेचा नकाशाही बदलला. शहर भागातल्या जागा 17 वरून 10 वर आल्या, उपनगरांच्या 17 च्या 26 झाल्या. जुन्या अवाढव्य बोरिवलीतून दहिसर आणि मागाठाणे वेगळे झाले. 2009 च्या विधानसभेत दहिसर शिवसेनेकडे गेले, मागाठाणे मनसेकडे, कांदिवली पूर्व आणि मालाड पश्चिम काँग्रेसकडे. भाजपच्या हाती बोरिवली आणि चारकोप राहिले. आज हा सगळा पट्टा एकरंगी मानला जातो, पण मालाड पश्चिम अजूनही काँग्रेसकडे आहे आणि बाकीच्या जागांची पक्केपणाची कीर्ती जेमतेम 2014 पासूनची आहे. जुना बालेकिल्ला म्हणावा अशी जागा बोरिवलीच.

आणि इथेच बाहेरच्या उमेदवारांचा तो वादाचा निर्णय येतो. 2014 मध्ये स्थानिक आमदार खासदार झाले, साडेचार लाखांच्या जवळपास मताधिक्याने. रिकाम्या जागेवर विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते उतरवले गेले. ते राज्य पातळीवरचे नेते होते, त्यामुळे मंत्री होणारा आमदार मिळतोय म्हणून कुरबूर दबली. ते 79,267 मतांनी निवडून आले आणि शिक्षणमंत्री झाले. 2019 मध्ये त्यांचेच तिकीट कापले गेले आणि ज्यांनी आदली निवडणूक वरळीतून लढवली होती, ते बोरिवलीचे उमेदवार झाले. मताधिक्य 95,021. 2024 मध्ये त्यांनाही बाजूला करून पक्षाच्या मुंबई संघटनेतल्या पदाधिकाऱ्याच्या हाती एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दिला गेला. सलग तिसऱ्यांदा बाहेरचा उमेदवार. त्याच वर्षी लोकसभेला दोन वेळा निवडून आलेल्या स्थानिक खासदाराला डावलून राज्यसभेतल्या केंद्रीय मंत्र्याला उत्तर मुंबई देण्यात आली होती, तेव्हा ते गप्प राहिले होते. विधानसभेच्या यादीनंतर मात्र त्यांचा संयम संपला. बोरिवली ही धर्मशाळा नाही, असे जाहीरपणे म्हणत त्यांनी अपक्ष अर्ज भरला. पक्षाच्या वरिष्ठांच्या भेटीगाठी झाल्या आणि 4 नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज मागे घेतला. पक्षाचा उमेदवार 1,00,257 मतांनी विजयी झाला.

या आकड्याकडे बोट दाखवून पक्षातले लोक विचारतात की चूक कुठे झाली? उमेदवार कुणीही असो, मतदार चिन्ह बघतो. विधानसभेत चांगले नेते असावेत म्हणून पक्की जागा वापरली तर बिघडले काय? सगळेच पक्ष असे करतात, हे खरे आहे. तरी मला हा युक्तिवाद पटत नाही. मताधिक्य हे विजेत्याच्या कामाइतकेच समोरच्याच्या अवस्थेचेही माप असते. 2014 मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, मते चार वाटांनी गेली, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या शिवसेनेला 29 हजारच पडली. 2019 मध्ये शिवसेना सोबत होती आणि दुसऱ्या क्रमांकाच्या काँग्रेसला 28,691 मते होती. 2024 मध्ये शिवसेना दुभंगलेली असूनही तिच्या ठाकरे गटाने 39,690 मते घेतली. विरोधकांचा उमेदवार आणि त्यांची युती दर वेळी वेगळी असते. सलग दोन निवडणुका एकाच माणसाने लढवून ओळख केली, असे झालेले नाही. समोर कुणी धड उभेच नसेल, तर लाखाचे मताधिक्य म्हणजे बाहेरच्या उमेदवाराला मिळालेली पसंती, हा निष्कर्ष निघत नाही.

मुद्दा आमदाराच्या पत्त्यापुरताही नाही. जिथे निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे मतदाराला खरी निवड करता येते ती उमेदवारीच्या टप्प्यावर, शाखा-मंडळांतल्या ओळखीतून, नगरसेवकपदातून वर आलेल्या माणसाच्या रूपाने. ती वाट बंद झाली की मतदान उरते, निवड उरत नाही. त्यात मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर 2024 च्या मतदानापर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ प्रभागात नगरसेवकच नव्हते. गटाराचे झाकण, पाण्याचा दाब, रखडलेला पुनर्विकास, सगळे आमदाराच्या कार्यालयात येत होते. नेमक्या त्याच काळानंतर, जाणकार हाताची गरज सर्वांत जास्त असताना, तिसरा नवा माणूस पाठवला गेला. पंधरा-वीस वर्षे वॉर्ड सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना, त्यात अनेक महिला आहेत, यातून काय संदेश गेला असेल?

पुढचे चित्र. सत्ता पक्षाच्या हातून जाईल असे नजीकच्या काळात दिसत नाही. मेट्रो 2अ आणि 7 पूर्ण सुरू झाल्या, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम हाती आहे, आणि या कामांचे श्रेय सत्ताधाऱ्यांना मिळते. जुन्या सोसायट्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांत येणारा नवा रहिवासी अधिक सधन आणि बराचसा बिगरमराठी आहे, म्हणजे भाजपचा मूळ आधार पातळ होण्याची चिन्हे नाहीत. धोका कुठून येऊ शकतो, हे 2009 ने दाखवले आहे: मराठी मत पक्षापासून फुटले आणि त्याच वेळी पक्षातला नाराज स्थानिक माघार न घेता टिकून राहिला तर. दोन्ही गोष्टी एकाच निवडणुकीत कधी घडलेल्या नाहीत. महिला आरक्षणाचा 2023 चा कायदा जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेशी बांधलेला आहे. तो लागू होताना बोरिवलीच्या सीमाही हलतील आणि जागा आरक्षितही होऊ शकेल. तसे झाले तर इथल्या माजी नगरसेविकांचा दावा पक्षाला सहज टाळता येणार नाही.

तोवर आणखी एक शक्यता आहे. 2029 मध्ये विद्यमान आमदारांनाच पुन्हा उमेदवारी मिळाली, तर बोरिवलीचा आमदार स्वतःच्या पाच वर्षांच्या कामाचा हिशेब घेऊन मतदारांपुढे उभा राहण्याची ती 2009 नंतरची पहिलीच वेळ असेल.