पेझंट रेलगन

पेझंट रेलगन हा डंजन्स अँड ड्रॅगन्स (सगळे डी अँड डीच म्हणतात) खेळणाऱ्यांमधला बहुतेक सगळ्यात गाजलेला नियमांचा विनोद. पेझंट म्हणजे शेतकरी, आणि रेलगन म्हणजे विजेच्या जोरावर प्रचंड वेगाने गोळा फेकणारी तोफ. असं शस्त्र खेळाच्या यादीत कुठेच नाहीये, खेळाडूंनी नियमांच्या शब्दांचा कीस पाडून ते कागदावर तयार केलंय. २,२८० गरीब शेतकरी एका रांगेत उभे करायचे, पहिल्याच्या हातात लांब काठी द्यायची, ती हातोहात पुढे सरकवायची, आणि नियम जसेच्या तसे वाचले तर ती काठी ६ सेकंदांत जवळपास साडेतीन किलोमीटर जाते. मग शेवटचा शेतकरी ती ड्रॅगनवर सोडतो, आणि इथे टेबलावर भांडण सुरू होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि एकजण डंजन मास्टर म्हणजे डीएम असतो जो जग चालवतो, राक्षसांच्या बाजूने खेळतो आणि निकालही देतो. यशापयश फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत छापून आला. बोर्डावरच्या खेळात नियमात नाही ती चाल करताच येत नाही, इथे मात्र खेळाडू काहीही करायचं म्हणू शकतो, आणि पुस्तक कितीही जाड केलं तरी "काहीही" त्यात मावत नाही. वाद जन्माला येतो तो या फटीतून, आणि विनोदसुद्धा तिथूनच.

आता रेलगनचं गणित. लढाई राउंडमध्ये चालते, एक राउंड ६ सेकंदांचा, त्यात प्रत्येकाची एक पाळी. आपल्या पाळीला "अमुक झालं की मी तमुक करीन" असं सांगून थांबता येतं, त्याला रेडी ॲक्शन म्हणतात. तर प्रत्येक शेतकरी सांगतो की मागच्याने काठी दिली की मी पुढच्याला देईन. एका राउंडमध्ये किती जणांनी असं करावं याला पुस्तकात मर्यादाच नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर चार हिरो होते, दोन हजार शेतकरी नव्हते. एक माणूस नकाशावर ५ फुटांचा चौकोन व्यापतो, म्हणजे २,२८० माणसांची रांग ११,४०० फूट, भागिले ६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १,९०० फूट. हवेत आवाज साधारण १,१२५ फूट जातो. म्हणजे काठी आवाजापेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने चाललीये, आणि ती ज्याला लागेल त्याचं काय होईल याची कल्पना करा, असं खेळाडू डीएमला सांगतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. नियमांमध्ये वेग ही गोष्टच नाहीये. काठीला भाला धरलं तरी, भाला लागला की सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, जेवढे आकडे येतील तेवढी इजा, मग तो भाला हातातून आला असो की साडेतीन किलोमीटरवरून. म्हणजे काठी पळते नियमाने आणि आदळते मात्र शाळेतल्या फिजिक्सने, खेळाडूने दोन्ही डगरींवर हात ठेवलेला असतो. पूर्ण नियमच लावला तर शेवटचा माणूस साधा भाला फेकतो, पूर्ण फिजिक्स लावलं तर काठी पहिल्या दहा-वीस हातांतच अडखळते. जोक चालतो तो फक्त मध्येच गाडी बदलली तर, आणि ती कुठे बदलली हे पकडायला ऐकणाऱ्यालाही रेडी ॲक्शनचा नियम नीट माहीत हवा. म्हणून मी याला निव्वळ टवाळी मानत नाही, पुस्तक इतकं बारकाईने वाचणारी माणसंच असा विनोद करू शकतात.

या वादाची दोन टोकं खेळाडूंच्या बोलण्यात रोज येतात: रॉ म्हणजे छापलंय तसं, आणि राय म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात होतं तसं. जो सतत रॉ धरून बसतो, त्यातही फक्त स्वतःच्या फायद्यासाठी, तो रूल्स लॉयर. हे भांडण खेळापेक्षा जुनं आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झ या अधिकाऱ्याचा क्रीगस्पील हा युद्धखेळ होता, त्यात तक्ते, फासे आणि एक पंच असायचा. पुढे नियमांचं ओझं इतकं वाढलं की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नवा या अधिकाऱ्याने सरळ तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायचा मार्ग मांडला. छापील नियम मोठा की पंच, हाच तो प्रश्न. गायगॅक्सनेही १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडच्या शेवटी डीएमला बजावलंय की खेळाचा आत्मा महत्त्वाचा, अक्षर नाही, आणि बराकीतल्या वकिलाला, म्हणजे नियमांवरून हुज्जत घालणाऱ्याला, पुस्तकातली वाक्यं तुमच्या तोंडावर फेकू देऊ नका.

मग हे विनोद खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात एवढे का फोफावले? २००० मध्ये आलेल्या या आवृत्तीने, आणि २००३ च्या ३.५ ने, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नेमका नियम दिला, आणि नियमांचा मोठा भाग इंटरनेटवर मोफत खुला होता. नेमकं लिहिलं की नेमकं वाचलंही जातं. त्यातलं बुडण्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. ३.५ मध्ये माणसाचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्याचा आकडा, ० च्या खाली गेले की तो मरणाच्या दारात, −१० ला मेला. समजा आपला योद्धा −८ वर रक्तबंबाळ पडलाय, पुजाऱ्याकडे मंत्र उरले नाहीत. तेवढ्यात कोणीतरी पान उघडून वाचतो: बुडायला लागलेला माणूस पहिल्या राउंडला बेशुद्ध होतो आणि त्याचे पॉइंट ० होतात. ० "पर्यंत घटतात" असं नाही, ० होतात. म्हणजे याचं डोकं पाण्याच्या बादलीत घातलं की तो −८ वरून ० वर येतो! पुढच्या राउंडला तो −१ ला जातो आणि तिसऱ्याला मरतो हेही त्याच पानावर आहे, पण तोवर टेबलावर हसून हसून कोणी वाचायच्या अवस्थेत नसतं.

त्याच कुळातली उंदरांची पोती, म्हणजे थैलीभर उंदीर शत्रूभोवती सोडायचे, गोल फिरत एकाच पाळीत सगळे मारायचे आणि मेलेल्या प्रत्येक उंदरामागे शत्रूवर एक जादा वार मिळवायचा. तिसऱ्या आवृत्तीत हे खरंच बसत होतं, ३.५ ने त्या फिरत्या हल्ल्याबरोबर जादा वार घेता येत नाहीत असं लिहून दार बंद केलं.

सगळेच वाद असे खोटे-खोटे नसतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अदृश्य असण्याचे परिणाम दोन स्वतंत्र मुद्द्यांत लिहिले होते: एक, तुम्ही दिसत नाही; दोन, तुमच्यावरचे हल्ले अवघड होतात. दुसऱ्यात "दिसत नाही म्हणून" हे शब्दच नाहीत. तर अदृश्य गोष्टी दिसायचा मंत्र टाकला आणि शत्रू लख्ख दिसला तरी त्याच्यावर हल्ला अवघडच, असा अर्थ निघतो, आणि त्या वेळचे मुख्य नियम-डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड यांनीही अक्षराप्रमाणे तो तसाच निघतो असं सांगितलं. हे ऐकून कित्येक टेबलांवर लोक खरोखर वैतागले, कारण मंत्र खर्च करून हाती काहीच येत नाही. २०२४ च्या पुस्तकात समोरच्याला तुम्ही दिसत असाल तर फायदा नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. माझ्या मते हेच बरोबर होतं, आणि कीस पाडणाऱ्यांनी इतकं ताणलं नसतं तर ती चूक इतक्या ठळकपणे दिसली नसती.

रेलगनलाही २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडने उत्तर दिलंय. नियम म्हणजे फिजिक्स नव्हे, साध्या माणसांच्या रांगेने रेडी ॲक्शन वापरून भाल्याला प्रकाशाचा वेग देता येतो असा युक्तिवाद चालवून घेऊ नका, असं त्यात आहे, आणि लढाईचे नियम जागे करण्यासाठी असहाय प्राण्यांवर वार करू देऊ नका हेही. नाव घेतलेलं नाही पण वाचणाऱ्याला रेलगन आणि उंदीर लगेच आठवतात.

टेबलावर मात्र बंदीपेक्षा वेळ पाहणं जास्त उपयोगी पडतं. ब्रेकमध्ये, चहा पिताना रेलगनचं गणित मांडणं ही मजा आहे. पण बाकीचे तिघं आपल्या पाळीची वाट बघत असताना नवीन डीएमला अर्धा तास पानं दाखवत बसणं हा त्याला दिलेला त्रास आहे, आणि तिथे कोणी हसत नाही. चांगले डीएम तिथल्या तिथे एक निकाल देतात, खेळ पुढे नेतात आणि सेशन संपल्यावर सगळ्यांबरोबर पुस्तक उघडतात.

रेलगनच्या बऱ्याच आवृत्त्यांत काठी शिडीतून येते. ३.५ च्या किंमतीच्या तक्त्यात १० फुटी शिडी ५ तांब्याच्या नाण्यांना आणि १० फुटी काठी २ चांदीच्या नाण्यांना, म्हणजे २० तांब्यांना. शिडी घ्या, पायऱ्या काढून टाका, दोन काठ्या मिळाल्या, अर्ध्या किंमतीत विकल्या तरी २० तांबे हातात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शिडी १ चांदीची आणि काठी ५ तांब्यांची, म्हणजे शिडीच्या पैशात बरोबर दोन काठ्या, नफा काही उरला नाही.