साडेपाच मिलिमीटरची गोळी आणि हरणाचा फरा

माझ्या टेबलाच्या खणात, औषधाच्या रिकाम्या डबीत, शिशाचा एक तुकडा आहे. कॉलेजात असताना वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या, रायफलने नेमबाजी शिकत होतो, तेव्हाची ही गोळी. लोखंडावर आपटून ती चेपली, कडेने पाकळ्यांसारखी फाटली आणि जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी पसरली. मुळात तिचा व्यास होता ५.६ मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीहूनही बारीक.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्या संध्याकाळी मी बोरिवलीला बहिणीकडे होतो. तिच्या गॅलरीतून राष्ट्रीय उद्यानाची झाडी दिसते. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तेच दृश्य दाखवत होते आणि भाच्याने विचारले, "मामा, ह्या बंदुकीनं हरीण मरतं का रे?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. तो "हो" मला नंतर खुपत राहिला. मरते हे खरे. पण किती वेळाने मरते, आणि गोळी लागल्यापासून किती लांब जाऊन पडते, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र आणि थोडा इतिहासही दडलेला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न शिकाऱ्याचा राहिलेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी हौसेची शिकार पूर्ण बंद केली. पण ब्रिटन, अमेरिका, युरोपात हरणांची शिकार परवान्याने चालते, आणि बारीक गोळीने हरीण मारावे की नाही हा तिथला जुना वाद आहे. त्या वादातून जे शास्त्र उभे राहिले ते आपल्यालाही कळायला हवे, कारण आपल्या जंगलांत चोरटी शिकार करणाऱ्यांच्या हातात ठासणीच्या बंदुकीबरोबर पॉइंट टू-टूही असते.

आता दोन गोळ्या शेजारी ठेवा. एक स्वप्नीलच्या खेळातली. वजन २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. दुसरी पॉइंट टू-टू-थ्री रेमिंग्टन या काडतुसातली. वजन सुमारे ३.६ ग्रॅम, वेग सेकंदाला जवळजवळ ९९० मीटर. व्यास म्हणाल तर दोन्हींचा जवळपास सारखाच. वजनातही एका ग्रॅमचाच फरक. पण गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट, वर वाढलेले वजन. पहिलीची ऊर्जा साधारण १४० ज्यूल, दुसरीची १७४० च्या आसपास. बारापट!

१७४० ज्यूल म्हणजे किती? दहीहंडीला सत्तर किलोचा गोविंदा अडीच मीटरवरून खाली आला तर जमिनीवर साधारण एवढीच ऊर्जा घेऊन आदळतो. त्याला लागते, कधी हाड मोडते, पण बहुतेक वेळा तो उठतो. म्हणजे ज्यूलचा आकडा एकटा काहीच मारत नाही. ती ऊर्जा शरीरात कुठे, किती खोलीवर आणि काय फाडण्यात खर्ची पडली, यावर सगळे ठरते. बंदुकीच्या गप्पांत बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, आकडा आणि ज्यूलचा आकडा फार मिरवतात. मला विचाराल तर हरणाच्या दृष्टीने या दोन्हींपेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची.

संध्याकाळी सहाला दादर स्टेशनच्या पुलावर मिटलेली छत्री हातात धरून चाला. गर्दीतून वाट निघते, आजूबाजूच्यांना पत्ताही लागत नाही. आता तीच छत्री उघडून पुढे धरा आणि चाला. चार पावलांत अडकाल, आणि त्या चार पावलांत पंधरा जणांना धक्के बसलेले असतील. शिकारीची गोळी ही अशी मिटून उडणारी आणि आत शिरल्यावर उघडणारी छत्री असते. गाभा शिशाचा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच, आणि टोकाला शिसे उघडे किंवा टोक पोकळ. मांस हवेपेक्षा आठशेपट दाट. त्यात वेगाने घुसताना टोकावर एवढा दाब येतो की शिसे मागे वळते, कवच चिरते आणि गोळी अळंबीसारखी फुलते. व्यास दुपटीच्या जवळ जातो. छत्री किती लवकर उघडते आणि उघडल्यावर काड्या टिकतात की मोडतात, बारीक गोळीचे यश एवढ्या दोन गोष्टींवर टांगलेले असते.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन सकाळी कान्हेरीच्या रस्त्याने चालत गेलो होतो. वळणावर वीस-पंचवीस पावलांवर एक चितळ मादी उभी होती. कान आमच्याकडे, पाय पळायच्या तयारीत. तिच्या पुढच्या पायाच्या मागे, फऱ्याला म्हणजे खांद्याला लागून, एक माशी बसली आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरली. बाकी अंग स्थिर. मी भाच्याला तीच जागा दाखवली. त्या थरथरणाऱ्या कातडीखाली बरगड्या, त्यांच्या आत फुप्फुसे, आणि जरा खाली, दोन पायांच्या मध्ये, हृदय. बाजूने पाहिले तर हा सगळा भाग जेवणाच्या ताटाहून लहान. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची छाती जेमतेम एक फूट.

इथे गोळी लागलेले हरीणसुद्धा बहुधा जागच्या जागी पडत नाही. हृदय फाटले तरी मेंदूत आधी पोचलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. घाबरलेले हरीण सेकंदाला दहा-बारा मीटर सहज पळते. हिशेब करा, शंभर मीटर झाले. मेंदू किंवा मानेचा मणका तुटला तरच ते तिथल्या तिथे कोसळते, आणि ते लक्ष्य इतके लहान आणि हलते की चुकले तर जबडा मोडलेले हरीण उपाशी मरायला उरते. म्हणून जाणते शिकारी फऱ्यामागेच नेम धरतात. गोळीचे काम मग एवढेच: दोन्ही फुप्फुसांतून जाणारे, पुरेसे रुंद भोक पाडणे, म्हणजे रक्तदाब काही सेकंदांत कोसळेल.

साध्या पॉइंट टू-टूची गोळी इथेच कमी पडते. तिचा वेग मुळातच कमी, त्यामुळे मांसात ती फारशी फुलत नाही. पेन्सिल खुपसावी तसा अरुंद मार्ग करून थांबते. फुप्फुस स्पंजासारखे, ते बारीक भोकाभोवती पुन्हा आवळते. रक्त आतल्या आत हळूहळू साचते, बाहेर मागावर थेंबही पडत नाही. हरीण कुठल्या तरी नाल्यात, झुडपात जाऊन बसते आणि तासांनी मरते. भाच्याला दिलेल्या माझ्या "हो"मध्ये हे सगळे गाळलेले होते.

वेगवान बारीक गोळीची गोष्ट वेगळी. तिच्यामागे मांस बाजूला फेकले जाते आणि काही मिलिसेकंदांपुरती एक मोठी पोकळी तयार होते, मग ती मिटते. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेत मार्टिन फॅकलर या शल्यविशारदाने हे नीट मोजले. व्हिएतनाम युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेला हा माणूस. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सियसला थंड करायचा आणि त्यात गोळी झाडायची, ही त्याची पद्धत. दिसायला ठोकळा खरवसाच्या मोठ्या वडीसारखा, पण त्याहून चिवट. गोळी किती खोल गेली, कुठे फुलली, तुकडे कुठे विखुरले, सगळे त्यात गोठून राहते. त्याने ठासून सांगितले की ती तात्पुरती पोकळी डोळे दिपवते खरी, पण लवचिक ऊती ताणून पुन्हा जागेवर येतात. फुप्फुस बऱ्यापैकी सावरते. यकृत मात्र खरवसासारखे, ताणले की तडकते. जिथे गोळीच्या तुकड्यांनी ऊतीला आधीच भोके पाडलेली असतात तिथे हा ताण तिला फाडून टाकतो. लहान गोळीने मोठी जखम होते ती या दोन्हींच्या जोडीने.

आता अडचण पाहा. पॉइंट टू-टू-थ्रीच्या बऱ्याच गोळ्या हरणासाठी बनवलेल्याच नसतात. त्या सशा-कोल्ह्यांएवढ्या प्राण्यांसाठी असतात. कवच कागदासारखे पातळ, लागताच चुरा व्हावा म्हणून. त्यात गोळीचे फिरणे. नळीतल्या आट्या दर नऊ इंचांना एक फेरा देत असतील तर ९९० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला ४३०० च्या वर गिरक्या घेत असते. घरचा पंखा मिनिटाला साडेतीनशे-चारशे घेतो. एवढ्या वेगाने फिरणारे पातळ कवच फऱ्याच्या हाडावर आदळले की तिथेच फुटते. वर बशीएवढी भयंकर दिसणारी जखम, आत फुप्फुस शाबूत. हरीण तीन पायांवर पळते. उलट, जाड कवचाची गोळी लांबून मारली तर वेग उतरलेला असतो आणि छत्री उघडतच नाही. या काडतुसाच्या नेहमीच्या हलक्या गोळीची ऊर्जा २०० यार्डांवर निम्म्यावर आलेली असते. खूप जवळ फुटते, खूप लांब फुलत नाही, आणि मधला पट्टा अरुंद. जड गोळीलाही ही खोट चुकलेली नाही, पण तिच्याकडे वजनाची शिल्लक असते. बारीक गोळीकडे ती नसते.

गोळी आत टिकावी म्हणून लोकांनी बरेच डोके चालवले. १९४६ मध्ये कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणावर, शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या पुरेशा खोल गेल्याच नाहीत. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली. पुढचा अर्धा फुलेल, मागचा पुढे ढकलत राहील. पुढे शिसे कवचाला वितळवून चिकटवलेल्या गोळ्या आल्या, आणि मग नुसत्या तांब्याच्या. आजची चांगल्या बांधणीची बारीक गोळी लहान हरणाच्या छातीतून आरपार जाते. म्हणून मी तिला सरसकट नालायक म्हणणार नाही. पण ती चुकीला माफ करत नाही, आणि चुकीची किंमत बंदूकवाला मोजत नाही.

कायद्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार मोठ्या हरणांसाठी किमान ०.२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी सुमारे २३०० ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे पॉइंट टू-टू-थ्री बाद. मुंटजॅकसाठी मात्र ती चालते. हा मुंटजॅक मूळचा चीनचा, आपल्या भेकराचा चुलतभाऊ, कुत्र्याएवढा. अमेरिकेत व्हर्जिनियाला ०.२३ इंचाची अट आहे, कोलोरॅडोला ०.२४ ची, टेक्सासात ०.२२३ ने सर्रास हरीण मारतात.

एक विसंगती मला नेहमी अडवते. फुलणारी गोळी पहिल्यांदा गाजली ती आपल्या देशातल्या नावाने. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिश सैन्यासाठी टोक उघडे ठेवलेल्या गोळ्या बनवल्या गेल्या. त्यांच्या जखमा इतक्या अमानुष ठरल्या की १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. आणि इंग्लंडच्या हरीण कायद्यात? तिथे मऊ किंवा पोकळ टोकाची गोळीच वापरणे सक्तीचे आहे. दोन्ही नियम वेदना कमी करण्यासाठीच आहेत. सैनिकाला जायबंदी करून लढाईबाहेर काढले की पुरे, त्याला मागे इस्पितळ आहे. जखमी हरणाच्या मागे कुणी नाही, म्हणून त्याचा मृत्यू लवकर यायला हवा.

राहिला शिशाचा प्रश्न, आणि तो हरणापाशी संपत नाही. फुटलेल्या गोळीनंतर हरणाच्या धडाचा एक्स-रे काढला की जखमेभोवती, बरेच लांबपर्यंत, पांढरे ठिपके दिसतात. वेगवान, पातळ कवचाच्या गोळीचे तर विचारू नका. ते मांसातून माणसाच्या ताटात येतात, आणि शिकाऱ्याने जंगलात टाकलेल्या आतड्यांतून गिधाडांच्या पोटात जातात. त्यांचे तीव्र जठराम्ल शिसे विरघळवते. कॅलिफोर्नियाचे काँडोर, तिकडची गिधाडेच, १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. माणसांनी जोपासून संख्या वाढवली, पण सोडलेले पक्षी शिशाने मरत राहिले. अखेर १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाने शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. मलबार हिलवरच्या पारशांच्या डुंगरवाडीतली गिधाडे डायक्लोफिनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकाने नाहीशी झालेली या शहराने पाहिली आहेत. मेलेल्या जनावराच्या मांसात काय उरले, यावर एक अख्खी जात जगते किंवा संपते.

नुसत्या तांब्याची गोळी हा त्यावरचा उपाय. ती चार-सहा पाकळ्यांनी उमलते, पण पाकळ्या बहुधा गळत नाहीत. मात्र तांबे शिशापेक्षा हलके, घनता ९ विरुद्ध ११.३. तेवढेच वजन हवे तर गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळी स्थिर राहायला तिला जास्त गिरक्या लागतात, जुन्या नळ्या तेवढ्या देत नाहीत. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम, वजनाची अट होती. बारीक नळीतून तांब्याची गोळी वापरता यावी म्हणून २०२३ मध्ये ती ८० ग्रेनवर आणली.

कान्हेरीहून परत आल्यावर हे सगळे ऐकून भाच्याने डबीतला तुकडा पाहायला मागितला. बराच वेळ तो पाकळ्यांवरून बोट फिरवत राहिला. मग मी त्याला न्हाणीघरात नेले आणि साबणाने दोनदा हात धुवायला लावले.