निकालाच्या पलीकडचे कोर्ट: न्यायालयांच्या राजकीय अभ्यासाची पार्श्वभूमी

महाडच्या चवदार तळ्याचा दावा वकील वाचतो तो रूढीच्या पुराव्यासाठी. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने सवर्ण वादींचे अपील फेटाळले, कारण अस्पृश्यांना पाणी बंद ठेवणारी अनादी रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. राज्यशास्त्राचा अभ्यासक त्याच दाव्यात आधी डिसेंबर 1927 चा मनाई हुकूम शोधतो. दुसरा सत्याग्रह तोंडावर असताना तो वादींना मिळाला आणि डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाणे तहकूब केले. जी बाजू शेवटी हरली, तिला ऐन वेळी हवे होते ते मिळून गेले होते. एकट्या अंतिम निकालावरून कोर्ट कळत नाही, ते इथे स्पष्ट दिसते.

या अभ्यासाची आजची पद्धत अमेरिकेत घडली. सी. हर्मन प्रिचेट यांनी 1948 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातले एकमत नसलेले निकाल घेऊन कोणता न्यायाधीश कोणाबरोबर किती वेळा मत देतो याचे तक्ते मांडले. 1964 मध्ये वॉल्टर मर्फी यांनी दाखवले की सहकारी आणि सरकार काय करतील याचा अंदाज घेऊनही न्यायाधीश मत ठरवतो. सेगल आणि स्पेथ यांनी 1993 मध्ये न्यायाधीशांच्या विचारसरणीला सर्वाधिक वजन दिले.

भारतात हे गणित अडते. अमेरिकेत नऊही न्यायाधीश एकत्र बसतात. आपल्याकडे बहुतेक प्रकरणे दोघा-तिघांच्या पीठापुढे चालतात, भिन्नमत क्वचित, आणि कोणते प्रकरण कोणाकडे हे सरन्यायाधीशांचे रोस्टर ठरवते. म्हणून जॉर्ज गॅडबॉइस यांनी 1950 ते 1989 मधल्या न्यायाधीशांची पार्श्वभूमी आणि नेमणुकांमागची कारणे धुंडाळली, ते मला जास्त उपयोगाचे वाटते.

कोकणापुरते बोलायचे तर मार्क गॅलंटर यांचा 1974 चा मुद्दा सर्वात कामाचा. वारंवार कोर्टात येणारा पक्षकार कोणता दावा लढवायचा आणि कोणता मिटवायचा हे निवडू शकतो. आयुष्यात एकदाच आलेल्याला ती सोय नसते. खोत (गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ (त्याची जमीन कसणारा) यांच्यातला फरक नेमका हाच होता. खोताकडे दप्तर, वकील आणि अनेक गावांचे दावे. कुळाकडे फार तर एखादी पावती. 1949 च्या कायद्याने खोती गेली, पण वहिवाटीचे वाद राहिले.

प्रत्यक्ष काम तक्त्यापासून सुरू होते: एका ओळीत एक प्रकरण. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला ओळखीचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्य आणि जिल्ह्याची चार अक्षरे, न्यायालयाचे दोन अंक, नोंदीचे सहा, वर्षाचे चार. त्यापुढे पक्षकारांचा प्रकार, दाव्याचा विषय, अंतरिम हुकमाची तारीख, न्यायाधीश, शेवट. काही प्रकरणे दोघांनी एकमेकांचे न बघता नोंदवावीत. जुळले नाही तर नियम पुन्हा लिहावा. ‘अंशतः मंजूर’ हा शेरा नेहमी भांडण लावतो.

खरी फसगत ‘निकाली’ या शेऱ्यात आहे. आंबा-काजूच्या सामाईक बागेच्या वाटपाच्या दाव्यात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईला. एखादा प्रतिवादी वारला आणि 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत, तर दावा त्याच्यापुरता ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. वाटपात सगळे सहहिस्सेदार लागतात, त्यामुळे अनेकदा पूर्ण दावाच बुडतो. तडजोड झाली, वादी गैरहजर राहिला, दावा काढून घेतला, तरी शेरा तोच. वादाच्या गुणदोषांवर कोणी बोट ठेवलेले नसताना तो ‘प्रतिवादीच्या बाजूने’ मोजला, तर सगळे टक्के खोटे पडतात. म्हणून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले याची नोंद, उघडावाच लागतो. निवडक निकाल छापणाऱ्या लॉ रिपोर्टवर विसंबले तर हे दावे दिसतच नाहीत.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. रायगड मुंबईकडेच राहिले. अंतर कमी झाल्याने लहान पक्षकार अपिलात जास्त येतात का, हे तपासायची यापेक्षा चांगली संधी नाही. मात्र नुसते आधी-नंतर बघून भागणार नाही, कारण अंतराबरोबर न्यायाधीश आणि रोस्टरही बदलले. दोन्ही जिल्ह्यांतल्या दाखल अपिलांची वाढ किंवा घट रायगडातल्या बदलाशी ताडावी, आणि तीही दाव्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी.