वळवाचा गारवा आणि मृगाचा गारवा

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही गावात हे घडतं. दिवसभर पारा 42-43 अंशांवर असतो, रस्ते ओस पडलेले असतात. चार-साडेचारच्या सुमारास क्षितिजावर काळा ढग चढू लागतो. वारा एकदम पडतो. मग वावधन सुटतं, धुळीचा लोट गावात शिरतो, कोणाच्या गोठ्यावरची टिनं उडतात, लाइन जाते, टपोरे थेंब पडतात आणि अर्ध्या तासात अंगावर शहारा यावा इतका गारवा येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तेच ऊन, वर घामाच्या धारा. महिनाभराने मृगाचा पाऊस येतो. त्यात वादळाचा एवढा थाट नसतो, पण हवा गार होते ती गारच राहते.

हे दोन्ही गारवे पावसानेच येतात, म्हणून आपण त्यांना एकाच माळेत ओवतो. निसर्गात मात्र ते दोन वेगळ्या वाटांनी येतात. हा फरक शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी उन्हाचं बघू. मेच्या मध्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य विदर्भाच्या माथ्यावरून उत्तरेकडे सरकत जातो. चंद्रपूरला साधारण 20-21 मेला आणि नागपूरला 26 मेच्या आसपास दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तोही याच सुमारास, 25 मेला. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर. पश्चिम विदर्भातली काळी जमीन सूर्यप्रकाश भरपूर शोषते, आणि त्या दिवसांत ती कोरडीठाक, भेगाळलेली असते. ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो. कोरड्या जमिनीत वाफ करायला पाणीच नसतं, म्हणून ती सगळी उष्णता माती आणि हवा तापवते. राजस्थान-मध्य प्रदेशाकडून येणारा कोरडा वायव्य वारा त्यात भर घालतो. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तो अशाच दिवसांत.

पण नुसत्या तापण्याने वादळ येत नाही. तसं असतं तर नवतप्याच्या नऊही दिवशी पाऊस पडला असता. वादळाला वाफ लागते, आणि ती विदर्भाला बाहेरून मागवावी लागते. वारा वायव्येचा राहिला की ऊन कडक पण आकाश स्वच्छ. तो फिरून दक्षिण-आग्नेयेकडून येऊ लागला की बंगालच्या उपसागरावरची ओल तेलंगण-छत्तीसगडमार्गे आत शिरते. अरबी समुद्राकडूनही थोडी येते. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये ‘विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा’ असं वाचलंत, की ओल्या आणि कोरड्या हवा त्या पट्ट्यावर एकमेकींना भिडत आहेत असं समजा. गावातली जुनी माणसं हे बुलेटिन न वाचताही ओळखतात. सकाळीच उकडायला लागलं, घाम सुकेनासा झाला, की संध्याकाळी काहीतरी होणार, हा त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. त्यांच्या त्वचेने हवेतली वाफ मोजलेली असते.

आता खरी गंमत. तापलेली हवा वर चढते, चढताना दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी गार होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं. तिथे ढगाचा तळ बनतो. हवा जितकी कोरडी तितका तळ उंच. मेमधल्या वादळी दिवशी विदर्भात हा तळ जमिनीपासून अडीच-तीन किलोमीटरवर असतो. पावसाळ्यातल्या ढगाचा तळ बऱ्याचदा एक किलोमीटरच्याही खाली असतो. म्हणजे वळवाच्या थेंबाला ढगातून निघाल्यावर दोन-तीन किलोमीटर तापलेल्या, कोरड्या हवेतून यावं लागतं, आणि त्या वाटेत त्याचा बराचसा भाग उडून जातो. कधी कधी ढगाखाली पावसाच्या करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही, ते यामुळेच.

आपल्या घरातला कूलर हेच करतो. गरम कोरडी हवा ओल्या ताट्यांतून जाते, पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक ग्रॅम पाणी उडालं तर एक घनमीटर हवा साधारण दोन अंशांनी गार होते. ढगाखाली हा कूलर काही चौरस किलोमीटरवर एकाच वेळी सुरू होतो. गार झालेली हवा जड होते आणि खाली कोसळते. एरवी खाली येणारी हवा दाबामुळे तापली असती, पण तिच्यात थेंब विरत राहतात आणि तिला तापू देत नाहीत. जमिनीवर आदळली की तिला जायला जागा नसते, म्हणून ती चहूबाजूंना पसरते. पावसाच्या आधी येणारं वावधन ते हेच. ताशी 50-60 किलोमीटरचा, कधी त्याहून जास्त वेगाचा हा वारा आपल्यासमोरची धूळ उचलत येतो, आणि पुढच्या गावातली उष्ण हवा वर ढकलून तिथे नवा ढग उभा करतो. एका गावात झोडपून काढणारं वादळ तासाभराने पुढच्या गावात दिसतं, ते असं.

म्हणूनच वळवात पाऊस थोडा आणि वारा फार. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्राबागांत आंबिया बहाराची हिरवी फळं या वाऱ्याने झडतात. गडचिरोली-गोंदियात फळीवर, म्हणजे संकलनाच्या मोकळ्या जागेवर, वाळत घातलेले तेंदूपत्त्याचे पुडके भिजतात. भिवापूरकडच्या मिरचीची, वावरात झाकून ठेवलेल्या कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, तीच गत. अर्ध्या तासाच्या गारव्याची ही किंमत मला नेहमीच फार मोठी वाटत आली आहे.

आणि तो गारवा टिकतही नाही. कारण गार झालेली ती हवा वरून उतरलेला एक उथळ थर असतो. रात्रीपुरती झोप मिळते. सकाळी सूर्य परत माथ्याकडे निघतो. मेमधल्या निरभ्र दिवशी एका चौरस मीटर जमिनीवर साधारण 24 मेगाज्यूल इतकी सौर ऊर्जा पडते. एक मिलिमीटर पावसाची वाफ करायला 2.4 मेगाज्यूल लागतात. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने एका दिवसाचं ऊन 10 मिलिमीटर पाणी उडवू शकतं. उन्हाचा काही भाग परत फेकला जातो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी उडतं, पण 15-20 मिलिमीटरच्या वळवाची वरची ओल दोन-तीन दिवसांत संपते हे उघड आहे. ओल असेतोवर ऊन तिच्यात खर्ची पडतं आणि पारा थोडा खाली राहतो. ओल संपली की पुन्हा सगळी उष्णता हवेला.

मधले ते दोन दिवस अंगाला जास्त जाचतात. 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असताना कूलर हवेला जास्तीत जास्त 22 अंशांपर्यंत उतरवू शकतो. वळवानंतर 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर त्याची मर्यादा 27 अंशांच्या वरच थांबते. पारा नऊ अंशांनी उतरला, तरी कूलरची हवा आधीपेक्षा कोंदट लागते. घामाचंही तेच, तो सुकत नाही आणि शरीर गार होत नाही. अशा दिवशी पारा कमी आहे म्हणून भर दुपारी निंदण-वखरणाला माणसं लावू नयेत. उष्माघात फक्त 45 अंशांतच होतो असं नाही.

विजेबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण विदर्भात वळवाचा सगळ्यात क्रूर भाग तोच आहे. ढगाच्या वरच्या भागात, जिथे तापमान शून्याच्या खाली असतं, बर्फाचे हलके कण वर चढत असतात आणि जड, मऊ गारा खाली येत असतात. त्यांच्या टकरींत विद्युतभार वाटला जातो. वरचा भाग धन आणि मधला भाग ऋण होतो. हा फरक हवेला सहन होईनासा झाला की वीज कोसळते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते, आणि तिच्या फुगण्याचा आवाज म्हणजे गडगडाट. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून चहूकडे पसरते. बुंध्यापासून दूर जाताना विद्युतदाब कमी होत जातो. त्यामुळे पुढचे पाय एका दाबावर आणि मागचे दुसऱ्या दाबावर असलेल्या बैलाच्या शरीरातून, थेट छातीतून, प्रवाह वाहतो. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीखाली बांधलेली जोडी एकाच वेळी दगावते ती अशी. माणसाने पाय जोडून उकिडवं बसावं असं सांगतात, त्यामागचं कारण हेच आहे, पण तो शेवटचा उपाय. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितक्या किलोमीटरवर ती आहे. गडगडाट ऐकू येतो म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ज्या घरातली माणसं वावरात जातात, त्या घरातल्या एका तरी फोनमध्ये ते असावं असं मला मनापासून वाटतं.

गारपीट हा याच ढगाचा फेब्रुवारी-मार्चमधला अवतार. तेव्हा हवेतली शून्य अंशाची पातळी कमी उंचीवर असते, म्हणून गारा वितळायच्या आत जमिनीवर येतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने, विदर्भासकट, तिचा मोठा तडाखा सोसला. मेमध्ये तोच बर्फ बहुतेक वेळा वाटेत वितळून टपोरा थेंब होतो.

मृगाचा गारवा कसा वेगळा आहे ते जुलैत नीट दिसतं. नागपूरच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, मेअखेर आणि जुलैच्या मध्याला. दुपारचं ऊन दोन्ही वेळा तितकंच सरळ. तरी मेचं सरासरी कमाल तापमान 42-43 अंश आणि जुलैचं 32 च्या आसपास. दहा अंशांचा हा फरक एका वादळाने येत नाही. समुद्रावरून येणारी ओली हवा आता काही किलोमीटर जाडीची असते आणि ती रोज येते. दिवसेंदिवस राहणारे ढग ऊन जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाहीत. जे पोहोचतं ते ओल्या मातीत आणि पिकांच्या पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनात जातं. ढगाचा तळ खाली आल्यामुळे थेंब वाटेत उडत नाहीत, म्हणून वावधनही नाही. मेमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात 14-15 अंशांचं अंतर असतं, ऑगस्टमध्ये ते सात-आठवर येतं.

पेरणीत हाच फरक नडतो. वळवाच्या एका दमदार सरीने मातीचा वास सुटतो, गार वाटतं, आणि बियाण्याची पोती उघडली जातात. कपाशी पेरली जाते. मग आठ-दहा दिवस ऊन, कोंब मातीतच करपतात आणि कर्ज काढून दुबार पेरणी करावी लागते. विदर्भाने हे पुन्हा पुन्हा भोगलं आहे. 2025 साली मान्सून 24 मेलाच केरळात आला, मे महिना राज्यभर भिजला. पण मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सून जागीच थांबला आणि विदर्भात ऊन परत तापलं. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिला पाऊस आधी भेगांत उतरतो, वरचा थर भिजल्यासारखा दिसला तरी बी पडतं तिथली ओल दोन दिवसांत जाते. पावसाचा आकडा तालुक्याचा नव्हे, आपल्या गावाचा बघावा, कारण वळीव एका शिवारात 30 मिलिमीटर पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. पर्जन्यमापक गावात नसेल तर सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून साध्या पट्टीने पाण्याची उंची मोजता येते, आणि बी पडणार त्या खोलीच्याही खाली माती उकरून मूठ वळते का ते पाहता येतं.